बातमी विकता येत नाही, मग पीआरवाला बिल कशाचं लावतो?

“एक बातमी लावून द्यायचे किती घ्याल?” पुण्यात स्वतंत्रपणे पीआरचं, म्हणजे जनसंपर्क सल्ल्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, नव्या क्लायंटचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. विचारणाऱ्याचंही काही चुकत नाही. तो कारखाना चालवतो, क्लास चालवतो, हॉस्पिटल चालवतो. त्याच्या व्यवहारात प्रत्येक गोष्टीला दर असतो. पण या प्रश्नाला तुम्ही आकड्यात उत्तर दिलंत की पुढच्या सगळ्या भांडणांची सोय तिथंच झाली म्हणून समजा. कारण बातमी लावणं पीआरवाल्याच्या हातात नसतं. ती लावायची की नाही, लावली तर सिंगल कॉलम की पानाच्या वर, हे रिपोर्टर, उपसंपादक आणि वृत्तसंपादक ठरवतात, आणि त्यांचा पगार तुम्ही देत नाही.

थोडक्यात, क्लायंटला जे हवंय ते विकायला तुमच्याकडे नाहीच. मग विकता काय, त्याचा दर कसा काढायचा, करारात काय लिहायचं, काम झालं की नाही हे कसं मोजायचं, ही या धंद्याची सगळी कोडी या एकाच अडचणीतून निघतात. एकेक करून पाहू.

जागा विकत घेता येते, विश्वास नाही

जाहिरातीचा व्यवहार सरळ आहे. पेपरमध्ये अमुक चौरस सेंटिमीटर जागा, अमुक पान, अमुक दर. पैसे भरले की तुमचा मजकूर तुम्हाला हवा तसा छापून येतो. वाचकालाही कळतं की ही जाहिरात आहे, आणि तो तितकाच विश्वास ठेवतो. बातमीवर तो जास्त विश्वास ठेवतो, कारण ती एका तिऱ्हाईत माणसाने तपासून घेतलेली असते. त्या तिऱ्हाइताला विकत घेतलं की विश्वासही गेला.

हे काही आजचं शहाणपण नाही. आधुनिक पीआरच्या जनकांपैकी एक मानला जाणारा अमेरिकेतला आयव्ही ली याने १९०६ साली पत्रकारांना उद्देशून एक निवेदन काढलं होतं. त्याचा सारांश असा: आमचं काम उघड आहे, माहिती अचूक देऊ, आणि आमचा एखादा मजकूर खरं तर तुमच्या जाहिरात विभागाकडे जायला हवा असं वाटलं तर तो छापू नका. इतकी वर्षं झाली, तरी “साहेब, पाकिटात किती घालायचे?” हा प्रश्न आपल्याकडे अजून कानावर येतोच. उत्तर एकच: काही नाही. दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवावा की नाही यावर लोक वाद घालतात, घालू देत. पाकिटाबद्दल वाद नाही.

उलट बाजूनेही दबाव येतो. “जाहिरात द्या, बातमीचं बघू” असं काही ठिकाणांहून सुचवलं जातं. अशा वेळी क्लायंटला स्पष्ट सांगायचं की ही जाहिरात आहे, हिचं बजेट वेगळं, आणि ती छापून येताना जाहिरात म्हणूनच यायला हवी. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे असं म्हटलेलं आहे. तुमच्या मासिक अहवालात अशा मजकुराला ‘कव्हरेज’ म्हणून दाखवणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करावा. पीआर म्हणजे फक्त पेपर नव्हे. चाकणच्या एखाद्या कारखान्यामुळे शेजारच्या गावाच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागत असेल आणि गावकरी चिडलेले असतील, तर ग्रामपंचायतीत जाऊन कोण बोलणार, काय कबूल करणार, काय नाही, हे ठरवणं पीआरचंच काम आहे. पगारवाढ पुढे ढकलली हे कामगारांना कोणत्या शब्दांत सांगायचं, हेही. या कामाचं कात्रण कधीच निघत नाही, आणि बऱ्याचदा वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम तेच असतं.

रौप्यमहोत्सवात बातमी कुठे असते?

समजा, भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. मालकांना रौप्यमहोत्सवाची बातमी हवी आहे. त्यांच्या ऑफिसातून आलेला मजकूर साधारण असा असतो: “येथील सुप्रसिद्ध उद्योजक श्री. अमुक यांच्या कंपनीचा रौप्यमहोत्सवी सोहळा मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला. याप्रसंगी…” आणि खाली अकरा नावं. पेपरच्या ऑफिसात अशा प्रेसनोटा रोज ढिगाने येतात. यात कंपनीबाहेरच्या कुणाला रस वाटेल असं काहीच नाही.

इथं सल्लागाराचं खरं काम सुरू होतं. तो शॉप फ्लोअरवर जाऊन एक चक्कर मारतो, सुपरवायझरशी बोलतो, आणि बोलता बोलता कळतं की सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर निम्म्याहून जास्त ऑपरेटर बायका आहेत. मोशी-दिघीकडच्या. आधी यंत्राला हातही न लावलेल्या. त्यांना कंपनीनेच शिकवलं, कारण शिकलेली मुलं टिकत नव्हती. मालकांना यात विशेष काही वाटत नाही, “ते काय, चालतंच की आमच्याकडे!” पण बातमी हीच आहे. मग नोटेचा इंट्रो, म्हणजे सुरुवात, अशी होते: “सीएनसी यंत्र कधी पाहिलंही नव्हतं अशा ३८ महिला आज भोसरीतल्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार करत आहेत. कुशल कामगार टिकत नसल्याने कंपनीने सहा वर्षांपूर्वी परिसरातील गृहिणींना प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली.” पंचवीस वर्षांचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात. मालकांचं नाव एकदाच. सोबत मशीनवर काम करणाऱ्या दोघींचा फोटो, फोटोओळीसह, आणि त्या दोघी रिपोर्टरशी बोलायला तयार आहेत ना, हे आधीच विचारून ठेवलेलं.

मालक नाराज होतील. “माझा फोटो कुठाय?” असं विचारतीलच. त्यांना समजावणं हाही फीचाच भाग आहे, आणि खरं सांगायचं तर नोट लिहिण्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागतो.

पाठवण्याच्या पद्धतीतही छोट्या गोष्टी महत्त्वाच्या. मराठी नोट युनिकोडमध्ये, ई-मेलच्या मजकुरातच असावी. जुन्या फॉन्टातली फाइल किंवा शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली, तर उपसंपादकाला ती पुन्हा टाइप करावी लागते. तो ती करत नाही, पुढची नोट उघडतो. इंग्रजी पेपरांसाठी त्याच नोटेचं भाषांतर चालत नाही, वेगळी लिहावी लागते. कारण ‘सकाळ’ किंवा ‘लोकमत’च्या पिंपरी-चिंचवडच्या पानाला भोसरीतल्या बायकांमध्ये रस असतो, तर इंग्रजी अर्थविषयक पेपरला वाहन उद्योगातल्या मनुष्यबळाच्या तुटवड्यात. आणि दुपारी दोनच्या आत पोचलेली नोट रात्री आठला पोचलेल्या नोटेपेक्षा नेहमीच जास्त नशीबवान असते.

पत्रकार परिषदेचा मोह टाळावा. नवी पेठेत गांजवे चौकातलं पत्रकार भवन पुण्यातल्या पत्रकार परिषदांचं नेहमीचं ठिकाण आहे, हॉल मिळतो, सोय आहे. पण रिपोर्टरला प्रश्न विचारावेसे वाटतील असं काही हातात नसेल, तर चार रिकाम्या रांगा आणि क्लायंटचा पडलेला चेहरा एवढंच पदरी पडतं. एका नोटेत मावणाऱ्या गोष्टीसाठी परिषद घेऊ नये.

आता इतकं सगळं नीट केलं, नोट गेली, रिपोर्टरला आवडली, आणि नेमकं त्याच दिवशी खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला, नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला. झालं. सिटीची पानं पावसाने भरली आणि भोसरीच्या बायका राहिल्या बाजूला. यात कुणाचा दोष आहे? कुणाचाच नाही. म्हणूनच ‘बातमी लागली तर पैसे’ हा सौदा करू नये. वकील निकालाची हमी देत नाही, तरी फी घेतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तुमचंही तसंच आहे: विकायचं ते काम आणि निर्णयशक्ती.

दर काढायचा कसा

बहुतेक जण शेजारच्याचा दर विचारून आपला ठरवतात. त्यापेक्षा स्वतःचा हिशेब मांडावा. महिन्याला कामाचे २२ दिवस, रोज आठ तास, म्हणजे १७६ तास. यातल्या निम्म्या तासांचे पैसे कुणीच तुम्हाला देणार नाही: सकाळचे सगळे पेपर वाचणं, रिपोर्टरना भेटणं, नव्या क्लायंटसाठी प्रस्ताव बनवणं, बिलं, सीएकडे चकरा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून राहणं. राहिले साधारण ९० तास. घरखर्च, ऑफिसखर्च, विमा, बचत आणि कर धरून महिन्याला १ लाख २० हजार रुपये लागणार असतील, तर तासाला १,३०० ते १,३५० रुपये पडले पाहिजेत. एखाद्या क्लायंटचं काम महिन्याला २५ तासांचं असेल, तर त्याचा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, ३३ हजारांच्या आसपास आला. हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही घाला. पण हिशेबाची ही रीत सोडू नका.

यातून एक गोष्ट आपोआप दिसते. एकटा माणूस तीन-चार क्लायंटच नीट सांभाळू शकतो. सातवा क्लायंट घेतला की पहिल्याच्या तासांतून चोरी सुरू होते. आणि तीन-चारच असतील, तर त्यातला एक गेला की पाव उत्पन्न गेलं. म्हणून सुरुवात करताना निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, आणि कुठलाही एक क्लायंट निम्म्याहून जास्त उत्पन्न देत असेल तर समजावं की आपण धंदा करत नाही, ओळखपत्राशिवायची नोकरी करतोय.

रिटेनर हा सगळ्यात बरा प्रकार. कॉलेजच्या प्रवेशाचा हंगाम, एखादा महोत्सव, नव्या शाखेचं उद्घाटन अशा सुट्या कामांना एकरकमी फी ठीक. मात्र सुट्या कामात निम्मी रक्कम आधी घ्यावी. “पहिलं काम करून दाखवा, मग पैशाचं बघू” म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

करारात शब्द कोणते

करार दोन पानांचा पुरतो, पण त्यात काही वाक्यं हवीतच. महिन्याला किती नोटा, किती बैठका, कोणती शहरं. मजकूर कंपनीत कोण मंजूर करणार आणि किती तासांत (हे नसेल तर तुमची नोट कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये शिळी होते). फोटोग्राफर, हॉल, प्रवास हे खर्च वेगळे. दिलेली माहिती खरी असण्याची जबाबदारी क्लायंटची. नोटिशीचा काळ किती. आणि ठळक अक्षरांत: प्रसिद्धीचा निर्णय संबंधित माध्यमांचा राहील, सल्लागार त्याची हमी देत नाही.

स्पर्धक क्लायंटचा मुद्दाही लिहावा. पुणे तसं लहानच आहे. बाणेरमधल्या दोन बिल्डरांचं काम एकाच वेळी घेतलंत, तर ते दोघं कुठल्याशा लग्नात भेटतील आणि सोमवारी तुम्हाला दोन फोन येतील.

कुणाच्या वतीने काय बोलता येतं

नवे सल्लागार सगळ्यात जास्त इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर. कायदा प्रत्येक क्षेत्राला वेगळा आहे, आणि “मला माहीत नव्हतं” हे उत्तर चालत नाही.

डॉक्टर घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्ण मिळवण्यासाठी स्वतःची जाहिरात करणं निषिद्ध आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेर राहून पुन्हा काम सुरू केलं, अशा गोष्टींचं निवेदन देता येतं. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता यांवर स्वतःच्या नावाने लेखही लिहिता येतो. म्हणून पावसाळ्याआधी डेंगीवर माहिती देणारा लेख चालतो, ‘शहरातले सर्वोत्कृष्ट गुडघेतज्ज्ञ’ चालत नाही. औषधांचं काम असेल तर १९५४ चा चमत्कारी उपायविरोधी कायदा समोर ठेवावा. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना त्यात बंदी आहे. वकिलांवर बार कौन्सिलची बंधनं तर आणखी कडक.

बिल्डर हा पुण्यातला मोठा क्लायंटवर्ग. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार नोंदणीआधी प्रकल्पाची जाहिरात, विक्री, बुकिंग काहीच करता येत नाही, आणि त्या कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या कोणत्याही स्वरूपातल्या प्रसिद्धीला कवेत घेणारी आहे. त्यामुळे ‘लवकरच वाकडमध्ये भव्य गृहप्रकल्प’ अशी नोट महारेराचा नंबर यायच्या आत पाठवून “ही तर बातमी होती” म्हणण्यात अर्थ नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी जपून. तिमाही निकालाची नोट तुम्ही संचालक मंडळाच्या बैठकीआधी लिहायला घेता, म्हणजे जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती तुमच्या लॅपटॉपवर असते. सेबीच्या २०१५ च्या नियमांच्या भाषेत तुम्ही त्या क्षणी ‘इनसायडर’ असता. कंपनीला तुमची नोंद पॅनसकट ठेवावी लागते. त्या काळात त्या शेअरला हात लावायचा नाही, आणि घरी जेवताना विषयही काढायचा नाही.

राजकीय प्रचाराचं काम हा स्वतंत्र धंदा आहे, त्याचे नियम, पैसा आणि दुखणी सगळं वेगळं. कॉर्पोरेट क्लायंट असताना त्यात एक पाय ठेवू नये, इतकंच.

बिल केलं म्हणजे पैसे आले असं नाही

कागदपत्रं फारशी नाहीत. सुरुवात प्रोप्रायटर (एकटा मालक) म्हणून करावी, शॉप अ‍ॅक्टची सूचना, व्यवसाय कराची नोंदणी (वर्षाला २,५०० रुपये) आणि उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची) नोंदणी. ही शेवटची ऑनलाइन आणि फुकट आहे. पुढे तिचा फार उपयोग होतो.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक, दर १८ टक्के. त्याआधी ऐच्छिक नोंदणी घ्यावी का, हे क्लायंट पाहून ठरवावं. कारखाना किंवा आयटी कंपनी तुम्ही लावलेला जीएसटी सहसा स्वतःच्या करातून वळता करून घेते, तिला फरक पडत नाही. पण शाळा-कॉलेजं आणि हॉस्पिटलं यांच्या मुख्य सेवा जीएसटीमुक्त आहेत, त्यामुळे त्यांना ही वजावट मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने तुमची फी सरळ १८ टक्क्यांनी वाढते. पुण्यात हेही दोन वर्ग मोठे आहेत, म्हणून हा मुद्दा इथं जास्त बोचतो.

आता एक बिल उघडून पाहू. फी ४०,००० रुपये. त्यावर जीएसटी ७,२००. बिल झालं ४७,२००. क्लायंट फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारला भरायचा आयकर, कापतो, म्हणजे ४,०००. बँकेत आले ४३,२००. यातले ७,२०० सरकारचे, तुमचे नव्हेत. म्हणजे खर्चायला हातात ३६,०००, आणि कापलेला टीडीएस वर्षअखेर तुमच्या करात जमा धरला जातो. ४७ हजारांचं बिल झालं म्हणून खूश होणाऱ्याचं गणित मार्चमध्ये कोलमडतं.

खरी गोम पुढे आहे. दरमहा विवरण भरत असाल तर बिल केलं त्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, क्लायंटने पैसे दिलेले असोत वा नसोत. त्याने तीन महिने लावले, तर तेवढे दिवस सरकारचे पैसे तुमच्या खिशातून. म्हणून बिल महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ रिटेनरचं करावं, आणि मुदत करारात लिहावी.

पैसे अडले तर उद्यम नोंदणी कामी येते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. चालू क्लायंटविरुद्ध तक्रार कुणी करत नाही, हेही खरं. पण आता आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेला हा खर्च क्लायंटला त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापला की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्स विभागातून आपण होऊन फोन येतात. मालकांना फोन करण्यापेक्षा अकाउंट्समधल्या माणसाशी ओळख ठेवावी, ती जास्त फळते.

कात्रणं मोजू नका

महिनाअखेरीस क्लायंटला अहवाल द्यायचा. जुनी पद्धत अशी की बातमीने किती चौरस सेंटिमीटर जागा घेतली ते मोजायचं, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं, वर बातमीचं वजन जास्त म्हणून पुन्हा तिपटीने वाढवायचं, आणि “तुमच्या ३३ हजारांत आम्ही नऊ लाखांची प्रसिद्धी दिली” असं रंगीत स्लाइडवर लिहायचं. आकडा छान दिसतो. अर्थ शून्य. २०१० साली बार्सिलोनात जमलेल्या या क्षेत्रातल्या मंडळींनी जी तत्त्वं ठरवली, त्यांत जाहिरातमूल्य हे पीआरचं मूल्य नव्हे असं स्वच्छ लिहिलंय. तरी ही स्लाइड अजून फिरतेच.

त्याऐवजी क्लायंटला कामाच्या आधी विचारावं, तुम्हाला नेमकं काय बदलायला हवंय? भोसरीच्या कारखान्याला आणखी ऑपरेटर हवे असतील, तर बातमीनंतर गेटवर किती जणी अर्ज घेऊन आल्या हे मोजा. कॉलेज असेल तर चौकशीच्या फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा रकाना टाका. गावकऱ्यांशी वाद असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत रस्ता किती वेळा अडवला गेला? हे आकडे लहान असतात, पण क्लायंटच्या कामाचे असतात, आणि करार नूतनीकरणाच्या वेळी तेच बोलतात.

पहाटेचा फोन

कधी ना कधी तो येतो. कारखान्यात आग लागली, एक कामगार गेला, दोघं भाजले, गेटवर कॅमेरे आहेत. मालक म्हणतात, “काही बोलू नका, आपोआप थंड होईल.” वकील म्हणतात, “एक शब्दही देऊ नका.” अशा वेळी सल्लागाराने दहा मिनिटांत सहा-सात ओळींचं निवेदन तयार करावं. काय झालं, कुठे, किती वाजता. जखमी कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेत. घरच्यांशी संपर्क झाला आहे. उत्पादन थांबवलं आहे. कारण अजून समजलेलं नाही, तपासाला सहकार्य करतोय. पुढची माहिती अमुक वाजता. बस.

काय लिहायचं नाही, ते त्याहून महत्त्वाचं. ‘किरकोळ आग’ नाही. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ तर मुळीच नाही. चौकशी व्हायची आहे आणि तो माणूस गेलाय. घरच्यांना कळवण्याआधी मृताचं नाव नाही. नुकसान किती कोटींचं, हे पहिल्या दिवशी नाही. सांगितलेल्या वेळी पुढची माहिती द्यायची, नवीन काही नसलं तरी “अजून कारण समजलेलं नाही” एवढं सांगायला तरी हजर राहायचं. तुम्ही गप्प राहिलात तर गेटवरचा वॉचमन बोलतो, आणि दिवसभर चॅनेलवर तोच चालतो. त्याच १९०६ साली पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीला मोठा अपघात झाला तेव्हा आयव्ही लीने माहिती दाबण्याऐवजी स्वतः निवेदन काढलं आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. रेल्वे कंपनीच्या लोकांना त्या काळी हे वेडेपणाचं वाटलं असेल. आजही बऱ्याच मालकांना वाटतं.

अशा कामाची फी रिटेनरमध्ये धरू नये. करारात ‘आपत्कालीन कामाचा दर वेगळा’ एवढी ओळ आधीच असावी. आग लागल्यावर दराची बोलणी करणारा माणूस कुणालाच आवडत नाही, आणि फुकट रात्री जागणंही परवडत नाही.

एकट्याने चालवताना

शेवटी एकट्या माणसाची अडचण. तुम्हाला ताप येतो, मुलाची परीक्षा असते, गावी जत्रा असते. क्लायंटची आग तारीख विचारून लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षातच दोन-तीन स्वतंत्र माणसांशी जोडणी करून ठेवावी: एक डिझायनर, एक व्हिडिओवाला, आणि आपल्यासारखंच काम करणारा एक जण, शक्यतो ज्याचे क्लायंट आपल्या क्लायंटचे स्पर्धक नाहीत असा. मुंबई, कोल्हापूर, नागपुरातही असाच एकेक माणूस हवा. तिथल्या रिपोर्टरची ओळख पुण्यात बसून होत नाही. त्यांना कामाचे पैसे वेळेवर द्यावेत. आपल्या क्लायंटने रखडवले म्हणून आपण त्यांचे रखडवू नयेत. एमएसएमई कायदा त्यांनाही लागू आहे.

बदली माणसाचं नाव आणि नंबर करारातच लिहावा, आणि वर्षातून एकदा तरी त्याला क्लायंटच्या बैठकीत सोबत न्यावं, म्हणजे पहाटेचा फोन त्याने उचलला तर पलीकडून “आपण कोण?” असं कुणी विचारणार नाही.